झोपाळ्यावरची सात हजार पावलं

मनगटावरच्या पट्ट्यानुसार आजी रोज सात हजार पावलं चालत होती. गोळ्या वेळेवर, जेवणही मोजून. तरीही चार महिने तिची साखर वाढतच होती, आणि का ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

हे साल २०५१. वेंगुर्ल्याच्या डॉ. सुमती आरोलकर, म्हणजे दहा वर्षांच्या कृत्तिकाची आजी, समुद्रजीवांच्या अभ्यासक. त्यांना मधुमेह होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखरेची तीन महिन्यांची सरासरी (रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली यावरून काढलेली) तपासली. ती साडेनऊ टक्के निघाली.

"आठच्या खाली आणा, मग शस्त्रक्रिया करू," ते म्हणाले. "जखम नीट भरायला हवी."

घरातला यंत्रमानव खंडू सगळ्या नोंदी पुन्हा तपासून बसला. "माझ्या तक्त्यात चूक नाही."

"पण आजीच्या चपला बघ," कृत्तिका म्हणाली. "दाराबाहेर सगळी वाळू, आणि तळाला एक कण नाही."

खंडूने पावलांचा आलेख उघडला. चालताना माणूस थांबतो, वळतो, दगड चुकवतो. ही पावलं मात्र एका लयीत पडली होती. पडवीतून कर्र कर्र आवाज आला. आजी झोपाळ्यावर बसली होती आणि तिचा पट्टा बांधलेला हात झोक्याबरोबर मागेपुढे होत होता. प्रत्येक झोक्याला पट्टा दोन पावलं मोजत होता.

"फसवतेस होय गं आम्हाला?"

"आधी माझ्याही लक्षात आलं नाही. आलं तेव्हा खंडूची कटकट बंद झाली होती. म्हणून गप्प बसले."

"दिवसातून अकराच वेळा आठवण करत होतो," खंडू म्हणाला.

"पण का नाही चालत तू?"

आजीने पाय टेकून झोका थांबवला. "तेवीस वर्षं ओहोटीला खडकांवर जाऊन गोगलगायी मोजल्या. आता संस्थेने तिथे कॅमेरे बसवलेत, तेच मोजतात. नुसतं चालायचं म्हणून चपला घालायला गेले, तर पाय उचलत नाही."

"गोळ्या घेतेस ना? मग चालण्यावाचून काय अडतं?"

"रक्तातली साखर पेशींत जायला इन्सुलिन (स्वादुपिंडात तयार होणारं रसायन) लागतं. ती दाराची किल्ली समज. माझी कुलपं गंजलीत, किल्ली नीट फिरत नाही. गोळ्यांनी मदत होते. पण चालताना स्नायू आणखी दारं उघडतात आणि साखर आत ओढून घेतात. बसून राहिलं की ती रक्तातच उरते."

"साखर वाढली की थकवा येतो," खंडू सावकाश म्हणाला. "थकल्यावर चालावंसं आणखीच वाटत नाही. मग साखर पुन्हा वाढते. प्रेरणा (एखादी गोष्ट करावीशी वाटणं) मी मोजतच नव्हतो."

कृत्तिका विचारात पडली. "कॅमेऱ्यांना खडकाच्या खालच्या गोगलगायी दिसतात?"

"नाही."

"म्हणजे त्या मोजल्याच नाहीत कोणी."

"मला धड दिसत नाही, बाळा."

"मला दिसतं. तू ओळखायला शिकव. खंडू लिहील."

आजीने आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून झोपाळ्याची खरी हकीकत सांगितली. ते हसले आणि गोळ्या तशाच चालू ठेवा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खंडूने "चाला" म्हणणं सोडलं. तो फक्त ओहोटीची वेळ सांगे. कृत्तिकाचा हात धरून आजी खडकांकडे निघायची.

तीन महिन्यांनी अहवाल आला. सात पूर्णांक सहा. कृत्तिकाने आकडा दोनदा वाचला. आजीने नातीचा हात जरा घट्ट धरला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावर आजीने खंडूने काढलेली छायाचित्रं मागवली.

"ही पट्टेरी आहे. कृत्तिका, तू ती तपकिरी गोगलगायींत धरलीस. हीसुद्धा."

"मग आता?"

"सगळ्या पुन्हा मोजायला हव्यात," आजी म्हणाली. "ओहोटी किती वाजता आहे रे, खंडू?"

तिने चपला उचलून उंबऱ्यावर आपटल्या. भरपूर वाळू पडली.