पिवळा दिवा कोणत्या बाजूला

वीज गेली वाटतं. बसा, उठू नका. हा चार्जिंगचा दिवा आहे, तासभर चालतो. तुम्ही आलात तेव्हा शाइस्ता, माझी बायको, टेबलावरच्या त्या छोट्या गाडीचं दार दोऱ्यानं बांधत होती. तुम्ही बघितलंत आणि भिडेपोटी काही विचारलं नाही. चहा होईस्तोवर तेच सांगतो.

सगळी सुरुवात गुलमंडीच्या बाजारात पितळी पत्रा आणायला गेलो तिथून झाली. माझी नोकरी वाळूजला, कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मापात बसत नाही ते फेकून द्यायचं, एवढं एकच शिकलो तिथं. रिटायर झालो आणि हात शिवशिवायला लागले. म्हटलं, लहानपणी टीव्हीवर दिसायची ती गाडी तंतोतंत करायची.

तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल. शुक्रवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. तिच्यात एका वकिलाची हिरवी फियाट होती. पुढचा एक दिवा पांढरा, एक पिवळा. ज्याचं जगात कोणी नाही, त्याच्या दारात भागाच्या शेवटी ती गाडी येऊन थांबायची आणि मागचं दार उघडायचं. गल्लीभर माणसं आमच्या बैठकीत गोळा व्हायची ते बघायला.

त्या गाडीवर खरा जीव गौहरआपाचा. माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा माझे दुधाचे दातही पडले नव्हते. आपानं मला वाढवलं. तिला स्थळं आली. ती म्हणायची, हा पोरगा माझ्यासोबत येईल. ते कुणाला चाललं नाही. मग ती राहिली ती राहिलीच. कपडे शिवायची. दोऱ्याचा तुकडाही फेकायची नाही. दोन बोटांवर आठच्या आकड्यासारखा गुंडाळायची, मधोमध एक वेढा द्यायची आणि डब्यात टाकायची. बाजारात जाऊ दे की कुणाच्या लग्नाला, मला घेतल्याशिवाय आपा कुठं जात नसे. तिला एकदा म्हैसमाळच्या डोंगरावरचं धुकं बघायचं होतं. "जाईन तर त्याच गाडीतून जाईन," असं हसत म्हणायची. गेली नाही.

चिकलठाण्याला सांडू मेकॅनिकच्या गॅरेजमागे तसली एक फियाट सडत पडली होती. तिची मापं घेतली. मालिकेचे जुने तुकडे मोबाइलवर थांबवून थांबवून बघितले. जुन्या मोजटेपच्या पट्ट्या कापून मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा केल्या, गाडी खऱ्या गाडीसारखी दबावी म्हणून. दारं उघडतात. दिव्यांच्या कड्यांना आटे आहेत, फिरवून बसवायच्या. आपा तेव्हा अंथरुणाला खिळलेली. अर्धी झालेली गाडी मी तिच्या हातात दिली. तिनं बोटं फिरवली.

"वासिफ, पिवळा दिवा इकडं नाय रे. तिकडं."

"आपा, मोबाइलमध्ये बघ की. इकडंच हाय."

"तुझ्या मोबाइलला काय कळतं? मी लई बघितलीय ती गाडी."

मी हसलो, तीही हसली. गाडी पुरी व्हायच्या आत, थंडीत ती गेली. तिचं आरशाचं लोखंडी कपाट इथं आलं. तेच ते, तुमच्या मागे.

गाडी पुरी झाली ती या उन्हाळ्यात. पिवळा दिवा उजवीकडे, मालिकेत होता तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर डावीकडे. म्हटलं, वय झालं, आपणच उलटा बसवला असेल. बदलला. सकाळी पुन्हा डावीकडे. कडीवर ओरखडा नाही, आटे नीट बसलेले. शाइस्ताला विचारलं तर ती म्हणाली, "अजी, तुमच्या खेळण्याला मी कशाला हात लावू? मला घरात कामं नाहीत व्हय?"

खरं सांगतो, मला भुताची भीती नाही वाटली. मला वाटलं, माझी नजर गेली, डोकं फिरायला लागलं. टूलरूमच्या माणसाचं दुसरं भांडवल असतं काय?

मग एका दुपारी अशीच वीज गेली होती. उकाड्यानं मी फरशीवर आडवा झालो, कपाटासमोर. खोलीत एकाएकी वास आला... शिलाई मशीनच्या तेलाचा. आमच्या घरात आता मशीन नाही. मी मान वळवली आणि आरशात गाडी दिसली. टेबलावर डावीकडे असलेला पिवळा दिवा उजवीकडे. अगदी मालिकेतल्यासारखा.

तेव्हा लख्ख उमगलं. बैठकीत टीव्हीसमोर पुरुष माणसं बसायची, आम्ही पोरं बसायचो. आपा तिथं कशी येणार? ती आतल्या खोलीत बसायची. पडदा जरासा सारून याच कपाटाचं दार असं तिरकं करायची, की टीव्ही आरशात दिसावा. सगळी मालिका तिनं आरशातच बघितली. तिची गाडी उलटी होती. एवढी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं दोन वेगळ्या गाड्या बघत होतो, आणि माझ्या ते कधी ध्यानातच आलं नाही. मी तिथंच पडून रडलो.

मग गाडी खोलली. स्टिअरिंग डावीकडे नेलं, सगळं आरशातल्यासारखं केलं. शाइस्ता म्हणाली, "चुकीची गाडी करताय तुम्ही." मी म्हटलं, "आपाची करतोय."

झाली त्या दिवसापासून दिवा हलला नाही. पण गाडी मागून एका बाजूला दबली. नखाच्या जाडीएवढी. उचलली की पाटा सरळ होतो, ठेवली की थोड्या वेळानं पुन्हा हळूच बसतो... कुणी बेतानं आत शिरून टेकावं तसा. आपा बसली बिचारी एकदाची, असं वाटून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, आता म्हैसमाळला जाईल.

ती गेली नाही. सकाळी मागचं दुसरं दार उघडं दिसलं. लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. तिच्या शेजारच्या सीटचं.

मी भोळसटासारखा हसत शाइस्ताला दाखवलं. तिचा चेहरा उतरला.

"आपा बसल्या, बसू द्या," ती हळू बोलली. "माझं काही म्हणणं नाय. पण गाडी निघत का नाय... त्या कुणासाठी थांबल्यात?"

कुणाला घेतल्याशिवाय आपा कुठं जात नसे, ते तिला माहीत होतं, मलाही.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी ते दार दोऱ्यानं बांधते. पक्की गाठ मारते, वर आपाचं नाव घेऊन विनवते, "इतक्यात नको." मी दोघींच्या मध्ये. आपाला किती ताटकळत ठेवायचं, असंही वाटतं. शाइस्ता गाठ ओढून ओढून बघताना दिसली की वाटतं, थांब गं आपा, अजून थोडं.

रोज सकाळी दोरा सुटलेला असतो. आजवर तरी सकाळीच.

तुम्हाला वास येतोय का? नाही, चहाचा नाही... तेलाचा.

जरा तो दिवा गाडीजवळ धरा. शाइस्तानं तुमच्यासमोरच बांधलं ना दार? मग हे... चाकाशेजारी काय आहे बघा. आठच्या आकड्यात गुंडाळलेला, मधोमध एक वेढा.

शाइस्ताला हाक मारू नका. तिला चहा आणू दे निवांत. तुम्ही फक्त त्या दोऱ्याला बोट लावून बघा.

कोमट आहे ना अजून?