साडेअठ्ठावीसची ओढ

चलथाणहून आलेल्या त्या पत्राला भगवंतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. सात महिने ते पत्र्याच्या पेटीत, पुस्तकांच्या खाली पडून होतं. उत्तर लिहायला ते बसत, ‘जयभीम’ लिहावं की नुसतं ‘नमस्कार’, तिथेच अडखळत आणि कागद फाडून टाकत. बमरोलीच्या मिलमध्ये स्टोअर सांभाळताना त्यांनी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पण ज्याचा मुलगा गेला त्याला काय लिहावं, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

पत्र सुकदेव नावाच्या माणसाचं होतं. साखर कारखान्यात फिटर होता तो. त्याचा मुलगा चेतन तिरंदाज होता. तो गेल्यावर आईला त्याचं धनुष्य डोळ्यांसमोर नको झालं, तिने ते विकून टाकलं, आणि भगवंतरावांनी ते नातीसाठी घेतलं. ‘माझ्या नकळत विकलं गेलं, परत द्या,’ एवढीच सुकदेवची विनंती होती. शेवटची ओळ तेवढी विचित्र होती. दुःखात माणूस काहीही लिहितो, असं मनाशी म्हणून त्यांनी ती पुन्हा वाचली नाही.

आणि परत द्यायचं तरी कसं? जागृतीचे आईवडील भुसावळला. कॉलेज आणि मैदान यांच्यासाठी ती भेस्तानला आजोबांकडे राहायची. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि दुसरं कंपाउंड धनुष्य घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

निवडीला अठरा दिवस उरले असताना ती मैदानावरून वैतागून आली.

“आबा, दोरी पार कानाशी जाते. सगळे बाण वर चाललेत.”

कंपाउंड धनुष्याची ओढ ठरलेली असते. दोरी एका जागी येऊन अडते. पुढे पैलवानालाही खेचता येत नाही. जागृतीची ओढ सत्तावीस इंच. धनुष्य घेतलं तेव्हा तिला मैदानावर शिकवणाऱ्या रघुनाथ सरांनी घरी येऊन तिला भिंतीशी हात पसरून उभं केलं होतं, दोन्ही टोकांना पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या आणि मधल्या अंतराला अडीचने भागलं होतं. त्या खुणा अजून भिंतीवर होत्या.

सरांनी इंच आखलेला बाण लावून बघितला. साडेअठ्ठावीस.

“कोणी छेडलं याला? घरी धनुष्य दाबायचा प्रेस आहे?”

“नाही बुवा.”

“मग होणारच नाही. दोन्ही पाती दाबून दोरी सैल केल्याशिवाय या धनुष्याची ओढ बदलत नाही. हाताने दाबायला जाल तर पातं तुटून डोळ्यात जाईल.”

त्यांनी आपल्या प्रेसवर ती पुन्हा सत्तावीस करून दिली. चार दिवसांनी ती परत साडेअठ्ठावीस होती.

“आबा, या वयात पैलवानकी सुरू केली का?” सर हसले. “दर वेळी माझ्याकडे आणण्यात दिवस जातो. एक प्रेस घरीच घ्या.”

आपणच काही केल्यासारखे भगवंतराव ओशाळले.

बाजारात दोन तऱ्हेचे प्रेस होते. एक पिशवीत मावणारा, तारेचे आकडे पात्यांच्या टोकांना अडकवून आवळायचा. दुसरा जड, टेबलाला बोल्टांनी ठोकायचा; त्याचे दोन लोखंडी हात हँडल फिरवलं की एकमेकांकडे सरकत. भगवंतरावांनी माहितीपत्रकं वाचली, वहीची नऊ पानं भरली, चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं.

“आबा, जावई बघताय का?” जागृती कॉलेजातल्या गुजराती वळणाने म्हणाली. “प्रेस आहे ने.”

“तारेचा घसरला तर गं?”

“मग मोठा घ्या. बस ने हवे, पुरे आता.”

त्यांनी मोठा घेतला. खरं कारण कोणाला सांगितलं नाही. त्याचं हँडल काढून ठेवता येत होतं.

पहिल्या दिवशी सर येऊन शिकवून गेले. हँडल फिरत गेलं, पाती वाकत गेली, खोलीभर बारीक करकर होत राहिली. मग दोरी अचानक सैल पडली, मान टाकल्यासारखी. ओढ सत्तावीस झाली. सर गेल्यावर भगवंतरावांनी हँडल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

सकाळी गच्चीवर जागृतीने खुणेचा बाण लावून दोरी ओढली. भगवंतराव चष्मा पुसून जवळ गेले.

साडेअठ्ठावीस.

पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं. प्रेसच्या आट्यांवरचं ग्रीस कोणी बोटानेही पुसलेलं नव्हतं. भगवंतरावांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. आपणच चुकीचं वाचलं असणार, आपणच काही विसरलो असणार. त्यांनी पुन्हा सत्तावीस लावली. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्याही.

चौथ्या सकाळी जागृती म्हणाली, “आज बरोबर आहे. बघा.”

दोरी तिच्या ओठाच्या कोपऱ्याशी अगदी अलगद टेकली होती. कानाकडे गेली नव्हती. हात थरथरत नव्हता. समोरच्या पोत्यात तीन बाण एकमेकांना चिकटून रुतले.

भगवंतरावांना हायसं वाटलं. त्यांनी खूण बघितली.

साडेअठ्ठावीस.

“खांदा दुखत नाही?”

“नाही. आता कसं मस्त बसतं.”

तेव्हा त्यांना तिच्या बाह्या दिसल्या. दिवाळीचा शर्ट, मनगट झाकणारा. मनगटं दोन-दोन बोटं उघडी होती.

“आटला असेल, आबा.”

“जरा भिंतीशी उभी राहतेस?”

ती हसत उभी राहिली. हात पसरले. पेन्सिलीच्या जुन्या खुणा तिच्या बोटांखाली झाकल्या गेल्या.

त्यांनी टेप लावला. सव्वाएकाहत्तर. वहीत अडीचने भागलं. पुन्हा भागलं. एकोणीस वर्षांची पोर, वाढ कधीच थांबलेली.

ते पेटीशी गेले. पुस्तकं बाजूला केली. या वेळी शेवटची ओळ वाचली.

‘चेतन रोज धनुष्य विचारतो. शेवटी मी त्याला तुमचा पत्ता दिला आहे.’

मायन्यापाशी ते या वेळी अडखळले नाहीत. त्यांनी लिहिलं: ‘सुकदेवभाऊ, मला उशीर झाला, माफ करा. तो पोचला आहे. धनुष्य घेऊन जा. त्यालाही घेऊन जा. माझी नात मला राहू द्या.’

“निवडीला सरांकडून दुसरं मागून घेऊ,” ते जागृतीला म्हणाले.

“आता कशाला?” ती शांतपणे म्हणाली. पण स्कूटर काढली.

पोस्टाबाहेर रस्ता खणलेला होता. टपालपेटी पलीकडच्या भिंतीवर. मधे गटार आणि मातीचा ढीग.

“तुम्ही बसा, आबा. द्या इकडे.”

पाकीट तिने घेतलं. ती आता उतरेल म्हणून भगवंतराव पाय टेकून स्कूटर सावरायला लागले.

ती उतरली नाही. डावा हात हँडलवरच होता, उजवा गटारावरून पलीकडे गेला.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. तिने हात मागे घेतला आणि कोपरापर्यंत सरकलेली बाही सावकाश खाली ओढली.