पंचवीस नंबरची खोली

"पळू नका! ढकलू नका! रांगेत चला!"

धोक्याची घंटा ठणाणा वाजत होती आणि मैदानाच्या मधोमध उभे राहून उपमुख्याध्यापक सर तिच्याहून मोठ्याने ओरडत होते. सुट्टीतल्या नाट्यशिबिराची बेचाळीस मुलं तालीम अर्धवट टाकून बाहेर आली होती. राजाच्या डोक्यावर अर्धाच मुकुट होता, कारण उरलेला अर्धा अजून चिकटायचा होता. कार्यालयातल्या लेखनिक मावशी हातात पेन घेऊनच आल्या होत्या. शाळा रंगवायला आलेले रंगारीकाकासुद्धा झाकण लावलेली बादली सांभाळत शहाण्यासारखे रांगेच्या टोकाला उभे राहिले.

"अकरा चव्वेचाळीस," म्हणत घड्याळने वहीत नोंद केली.

घड्याळ म्हणजे सातवीतला एक मुलगा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. कुठे काय किती वाजता झालं हे लिहून ठेवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याच्या शेजारी उभी होती ती कप्तान. ती आठवीत होती आणि शाळेच्या धावण्याच्या संघाची प्रमुख होती. तिच्यामागे तिचा पाचवीतला धाकटा भाऊ होता. ताई जाईल तिथे तो जायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट.

"ताई, रंगातून वाफ येते का गं?" शेपटाने हळूच विचारलं.

"गप्प बस रे! मोजणी चाललीय."

"अगं पण रंगारीकाकांच्या बादलीतून..."

"शेपटा!"

तो गप्प बसला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, जवळून जात होत्या. त्याने त्यांनाही सांगायला तोंड उघडलं. "नंतर सांग हं," असं म्हणून बाई पुढे गेल्या. खरं सांगायचं तर बाई वाईट नव्हत्या. त्या आठवड्यात घंटा वाजायची ही तिसरी वेळ होती आणि त्यांच्या नाकी नऊ आले होते. सोमवारी त्यांनी बंबवाल्यांना बोलावलं होतं. त्यांना धूर दिसला नाही, जाळ दिसला नाही. मंगळवारीही तेच झालं. शाळेची घंटा जुन्या पद्धतीची होती. धूर हुंगणाऱ्या यंत्राने वाजवली काय किंवा कुणी लाल बटण दाबून वाजवली काय, ती नुसती वाजायची. कुठून वाजवली ते सांगायची सोय तिच्यात नव्हती.

प्रत्येक वेळी घंटा वाजली, की सर यादी घेऊन सगळ्या खोल्या तपासायला जात. यादीत चोवीस खोल्या होत्या आणि दारांवर एक ते चोवीस आकडे होते. प्रत्येक खोलीत डोकावायचं, यादीत खूण करायची आणि पुढे जायचं. आजही ते चोवीस खुणा करून परत आले.

"कुठे काही नाही, बाई! हा खोडसाळपणा आहे. आणि तो कुणाचा, ते मला कळलंय!"

सरांचं बोट थेट शेपटाकडे वळलं.

"हा रोज याच वेळी मागच्या नळाकडे जातो. मावशींनी स्वतः पाहिलंय. आणि लाल बटण कुठे आहे? नळाच्या शेजारी!"

शेपटाच्या तोंडचं पाणी पळालं. तो नळाकडे जात होता हे खरंच होतं. नाटकात तो प्रधान होता आणि त्याला चार वाक्यं होती. ती त्याला सगळ्यांसमोर म्हणायची भीती वाटायची, म्हणून आपला प्रवेश यायच्या आधी तो नळाजवळच्या भिंतीला ती म्हणून दाखवायचा. पण बेचाळीस मुलांसमोर हे सांगायचं कसं? तो मान खाली घालून उभा राहिला. गप्प राहिलेल्या माणसाला लोक किती पटकन गुन्हेगार ठरवतात!

"उद्या तुझ्या बाबांना बोलावते," बाई म्हणाल्या. "तोवर नाटकात काम नाही. उद्या दिवसभर माझ्याबरोबर राहायचंस."

"आणि ही घंटा मी उद्या बंद करून टाकतो," सर म्हणाले. "साडेअकराला नियमाप्रमाणे सगळ्या खोल्यांची तपासणी करू. बाई, तुम्ही सही करा, की त्याच मिनिटाला बटण बंद!"

---

दुपारी तिघं मैदानाच्या कडेच्या कठड्यावर बसली. शेपटाचे डोळे लाल झाले होते.

"मी नाही दाबलं गं ताई. तुझी शपथ!"

"माहितीय मला," कप्तान म्हणाली. "तू खोटं बोलतोस तेव्हा तुझे कान हलतात."

घड्याळ वही चाळत होता. "सोमवारी अकरा त्रेचाळीस. मंगळवारी अकरा पंचेचाळीस. आज अकरा चव्वेचाळीस. पण बुधवारी घंटा वाजलीच नाही! शेपटा, बुधवारी नळावर गेला होतास?"

"गेलो होतो की. चारही वाक्यं न अडखळता म्हटली!"

"मग बुधवारी कोण नव्हतं?"

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. बुधवारी रंगारीकाकांची सुट्टी होती!

"आणि मी सांगत होतो ना, त्यांच्या बादलीतून वाफ येत होती!" शेपूट उडी मारून उठला. "रंगाची वाफ नव्हती ती. चहाचा वास आला मला!"

कप्तानने कपाळावर हात मारून घेतला. "शेपटा, मी गाढव आहे. तुझं ऐकलंच नाही."

"लिहून ठेवू का?" घड्याळने विचारलं.

मागच्या ओट्यावर अर्धी भिंत रंगवून झाली होती आणि रंगारीकाका घरी गेले होते. तिघांनी नळाच्या आसपास शोध घेतला. चोवीस नंबरच्या खोलीच्या पुढे मागचा जिना होता आणि जिन्याखाली एक बुटकं दार. दाराला काकांचं कुलूप होतं. कप्तानने फटीला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"रंग पातळ करायचं तेल! केवढा वास! आणि त्यात रॉकेलही आहे."

"म्हणजे आत स्टोव्ह पेटवतात? त्या तेलाच्या डब्यांशेजारी?" घड्याळचा आवाज चिरकला. जिन्याच्या पायऱ्यांच्या फटीतून वर पाहिलं, तर छताला धूर हुंगणारं यंत्र बरोबर डोक्यावर होतं.

तिघं धावत सरांकडे गेली. सर टेबलावरचे कागद एका रेषेत लावत होते.

"जिन्याखाली खोली नाही," सर म्हणाले.

"सर, आहे! दार आहे, कुलूप आहे..."

"यादीत चोवीस खोल्या आहेत. पंचविसावी नाही. आणि चहा करायला मी काकांना पहिल्याच दिवशी बंदी केलीय. भावाला वाचवायला थापा मारू नकोस!"

मोठ्या बाई सभेला गेल्या होत्या. त्या आता सकाळीच भेटणार होत्या, तेही सरांबरोबर. बाहेर आल्यावर कप्तान पायरीवर धपकन बसली.

"कळतंय का तुम्हाला? उद्या घंटा बंद होणार. मग ती वाजणार नाही. आणि सगळे म्हणतील, बघा, चोर पकडला आणि घंटा थांबली! शेपटावरचा डाग कायमचा राहील. आणि खरीच आग लागली तर कुणाला कळणारही नाही."

मग घड्याळ म्हणाला, "सर यादीत नसलेली खोली बघत नाहीत."

"हो ना!"

"पण यादीत असलेली खोली सोडतही नाहीत."

कप्तान टुणकन उठली. "घड्याळा! तुझं अक्षर छान आहे ना रे?"

---

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तपासणी सुरू झाली. पुढे यादी घेऊन सर, त्यांच्यामागे बाई, बाईंच्या मागे शेपूट. कप्तान आणि घड्याळ पडद्याचं सामान शोधायच्या निमित्ताने चार पावलं अंतर ठेवून होते.

"एका खोलीला अर्धा मिनिट," घड्याळ कुजबुजला. "अकरा बेचाळीसला पोहोचतील. घंटा वाजायच्या आधी! वाजली तर काका बादली घेऊन बाहेर पडतील आणि आपलं मुसळ केरात!"

पण सतरा नंबरच्या खोलीत सरांना भिंतीवरचा नकाशा तिरका दिसला. त्यांनी तो सरळ केला. मागे सरकून पाहिला. पुन्हा थोडा डावीकडे केला. कप्तानचा जीव टांगणीला लागला.

"आता फूटपट्टी मागतील!" ती पुटपुटली.

"अकरा एकेचाळीस," घड्याळ रडवेल्या आवाजात म्हणाला.

शेवटी नकाशा सरांच्या मनासारखा झाला. अठरा, एकोणीस, वीस... चोवीस. सरांनी खूण केली, यादी मिटायला घेतली आणि थबकले. चोविसाच्या खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं : २५. मागच्या जिन्याखालची खोली.

"हे पंचवीस कुठून आलं?"

"कुठून का येईना," बाई म्हणाल्या, "यादीत आहे ना?"

सर गोंधळून पुढे झाले. बुटक्या दारावर खडूने ठळक २५ लिहिलेलं होतं. आता यादीतही आकडा आणि दारावरही आकडा! रिकामी जागा ठेवून यादी मिटणं सरांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी दार ठोठावलं.

"कोण आहे आत? तपासणी!"

आत काहीतरी धडाधड पडलं. "आलो, आलो!" असा घाबरा आवाज आला आणि कडी निघाली. दारात रंगारीकाका होते. त्यांच्यामागे स्टोव्ह फुरफुरत होता, भिंतीला तेलाचे सहा डबे रचलेले होते आणि गडबडीत कलंडलेल्या किटलीशेजारी, स्टोव्हला लागूनच, एक रंग पुसायचं फडकं पडलं होतं. ते फडकं बघता बघता भडकलं!

"काका, बाहेर या!" कप्तान ओरडली आणि त्यांचा हात धरून तिने त्यांना खेचलंच.

आणि मग मुलांनी जे पाहिलं, ते ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती. सर जराही गडबडले नाहीत. त्यांनी यादी फेकून दिली, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं, खीळ उपसली आणि जाळाच्या बुडाशी फवारा धरला. नियम पाठ असणारा माणूस अशा वेळी काय कामाचा असतो, ते तेव्हा कळलं.

"बाई, मागे व्हा! शेपटा, लाल बटण दाब!"

"मी?" शेपूट जागच्या जागी खिळला. "सर, मी दाबू?"

"अरे दाब, बाळा, दाब!"

शेपटाने दोन्ही हातांनी बटण दाबलं. घंटा ठणाणा वाजायला लागली. कप्तान तालमीच्या खोलीकडे धावली आणि दोन मिनिटांत बेचाळीसच्या बेचाळीस मुलं मैदानावर रांगेत उभी होती.

फडकं विझलं होतं. डबे शाबूत होते. बंबवाले आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा प्रमुख म्हणाला, "आणखी पाच मिनिटं गेली असती तर हा जिना राहिला नसता. सोमवारी आम्हाला हे दार कुणी दाखवलं नाही!"

"कारण त्याला नंबर नव्हता," सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

रंगारीकाका हात जोडून उभे होते. "चुकलं माझं. चहाला बंदी होती, म्हणून दार लावून करत होतो. पण बाई, घंटा माझ्यामुळे वाजते हे खरंच ठाऊक नव्हतं! मला वाटलं, मुलांची रोजची कवायत आहे. म्हणून शिस्तीत स्टोव्ह विझवून, किटली बादलीत ठेवून बाहेर येत होतो."

घड्याळला हसू आवरेना. पण मग त्याने वही पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बुधवारची नोंद, बादलीची वाफ, आणि हो, सरांच्या टेबलावरच्या यादीत सकाळी गुपचूप केलेली भरसुद्धा.

"दुसऱ्याच्या कागदावर लिहिणं हा गुन्हा आहे," सर म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, चुरगळलेली यादी सरळ केली आणि पंचविसापुढे स्वतः खूण केली. "पण नोंद बिनचूक आहे. शाबास!"

डबे आणि स्टोव्ह त्याच दुपारी शाळेच्या बाहेर गेले. घंटा चालूच राहील आणि पुढची यादी मुलांना बरोबर घेऊन, प्रत्येक दार उघडून नव्याने होईल, असं बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं. कप्तानचं आणि घड्याळचं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात फाटकातून शेपटाचे बाबा आत आले. ते कामावरून अर्धी रजा टाकून आले होते. चेहरा कडक होता. त्यांना पाहताच शेपूट ताईच्या मागे गेला.

मोठ्या बाई सगळ्यांसमोर पुढे झाल्या. "मी तुम्हाला तुमच्या मुलाची तक्रार करायला बोलावलं होतं. आता माझीच तक्रार करते. त्याने काहीच केलं नव्हतं. उलट धोका कुठे आहे हे सगळ्यात आधी त्याला दिसलं. तो मला सांगायला लागला आणि मी त्याला 'नंतर सांग' म्हटलं. एवढ्या मुलांची जबाबदारी माझ्यावर, आणि मला एक मिनिट थांबता आलं नाही. बाळा, माझं चुकलं."

मोठ्या बाई पाचवीतल्या मुलाची माफी मागताहेत, असं त्या शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं. शेपटाचे डोळे भरून आले, पण तो हसतही होता.

"काय झालं होतं रे?" बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं.

शेपूट ताईच्या मागून बाहेर आला. त्याने बाबांचा हात धरला, बाईंकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि बेचाळीस मुलांसमोर खणखणीत आवाजात अगदी सोमवारपासून सांगायला सुरुवात केली. या वेळी त्याला मध्ये कुणीही थांबवलं नाही.