ऑक्सिजनला वाट देणारी चकती

मैनी उसेंडीने नागपूरच्या प्रयोगशाळेला पत्र पाठवलं. त्यात एक प्रश्न होता आणि एक विनंती. प्रश्न असा : “तुमच्या चकतीतून पाणी झिरपत नाही, वारा जात नाही. मग ऑक्सिजन कसा जातो?” आणि विनंती अशी : “ही चकती ज्यांनी केली, त्यांना मला भेटायचं आहे.”

अकरा वर्षांची मैनी गडचिरोली जिल्ह्यातल्या बोरीटोल्याची. २०४३ च्या श्रावणात नदीला पूर आला, विजेच्या तारा वाहून गेल्या आणि पाच दिवस गाव तुटलं. तेव्हा आरोग्य केंद्रातल्या उबदार काचपेटीत तिचा भाऊ होता, दोन महिने आधीच जन्मलेला, जेमतेम सव्वा किलोचा. वीज नाही म्हणून पेटी थंड पडली असती. पण केंद्रामागे कपाटाएवढा इंधनघट (इंधन न जाळता त्यातून वीज काढणारं यंत्र) होता. शेणाच्या गॅसवर तो पाच दिवस अखंड चालला. पाचव्या दिवशी दुपारी होडी आली, बाळाला मोठ्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घटातल्या ऑक्सिजन पलीकडे नेणाऱ्या चकत्यांपैकी एक तडकली. त्या नागपूरच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या.

फेब्रुवारीत मैनी बाबांसोबत नागपूरला पोचली. डॉ. यमुना तिडके दारातच उभ्या होत्या. मैनीने वाकून नमस्कार केला, तशा त्या म्हणाल्या, “अगं, थांब. कागदावरचं गणित माझं. चकती घडवली ती देवराव पात्रेंनी. चल.”

भट्टीच्या खोलीत एक साठीचे गृहस्थ दगडी खलात पांढरी भुकटी घोटत होते. अंगात राखाडी कोट, भुवया जागोजागी करपलेल्या. बाई म्हणाल्या, “देवराव, ही बोरीटोल्याची मैनी. तुमच्या चकतीने हिच्या भावाला ऊब दिली.”

देवरावांचा हात थांबला. “बाळ कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“साडेसहा किलोचं झालं. बसायला लागलंय.”

देवरावांनी बत्ता खलात ठेवला. मग म्हणाले, “सव्वीस वर्षं झाली बेटा इथे. चकत्या पेटीत भरून जातात. पुढे कुठे जातात, कुणाच्या कामी येतात, ते कुणी सांगायला आलं नव्हतं.”

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “बस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय ना.”

त्यांनी टेबलावर आठ खडू ओळीने मांडले. “तुमच्या आश्रमशाळेत पंगत बसते ना? पाटाला पाट लावून सगळे बसलेत, जागा अजिबात नाही. कुणाला सरकता येईल?”

“नाही.”

त्यांनी मधला एक खडू उचलला. “आता?”

“शेजारचा सरकेल. मग त्याची जागा रिकामी होईल, तिथे त्याच्या शेजारचा,” मैनी म्हणाली आणि एकेक खडू सरकवत गेली. रिकामी जागा पंगतीच्या टोकाला पोचली. ती एकदम थांबली. “म्हणजे चकतीत भोक नसतंच! आत रिकाम्या जागा असतात, आणि ऑक्सिजन एकातून दुसरीत उडी मारतो!”

“बरोब्बर!” डॉ. तिडके म्हणाल्या. “ही चकती गॅडोलिनियम आणि टायटॅनियम या दोन धातूंची आणि ऑक्सिजनची आहे. तिच्यातली रचना पायरोक्लोर (अणूंची एक ठरावीक नक्षी) नावाची. तिच्यात आठ जागांमागे सात ऑक्सिजन असतात. आठवी जागा मुळातच रिकामी असते, पण अशा कोपऱ्यात, की तिथे सहसा कुणी बसत नाही. म्हणून आम्ही डोपिंग (मूळ धातूच्या थोड्या अणूंऐवजी दुसऱ्या धातूचे अणू बसवणं) करतो. गॅडोलिनियमच्या जागी कॅल्शियम घालतो. कॅल्शियमचा विद्युतभार कमी. हिशेब जुळवण्यासाठी दर दोन कॅल्शियममागे एक ऑक्सिजन वगळावा लागतो.”

“आणि पंगतीत जागा होते!”

“होते. हवेतला ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेऊन आत शिरतो, उड्या मारत पलीकडे जातो आणि इंधनाला भेटल्यावर ते सोडून देतो. इलेक्ट्रॉनना चकतीतून परतता येत नाही, ते तारेतून वळसा घालून येतात. तोच वीजप्रवाह. त्यावरच तुमची पेटी तापत होती.”

“मग ती तडकली का?”

देवरावांचा चेहरा उतरला. “तिच्यात शंभरामागे दोनच कॅल्शियम होते. जागा थोड्या, म्हणून घट हजार अंशांवर चालवावा लागायचा. एवढ्या तापात चकतीच्या कडेचे सांधे थकतात आणि ती तडकते. मग वीस घालून पाहिले. ते रचनेत मावेनात, वेगळे खडे करून बसले आणि वाटच अडली. आता दहा घातलेत. भुकटी घोटली, तापवली, पुन्हा घोटली, दाबून चकती केली आणि पंधराशे अंशांवर सिंटरिंग (कण न वितळवता तापवून एकमेकांना घट्ट जोडणं) केलं. कालच भट्टीतून निघाली.”

बाईंनी क्ष-किरणांचा आलेख दाखवला. रचनेची खूण असलेली सगळी टोकं जागच्या जागी होती, एकही जास्तीचं नव्हतं. म्हणजे वेगळे खडे नव्हते. देवरावांनी चकतीला तारा जोडल्या आणि ती लहान भट्टीत ठेवली. दोन तासांनी तापमान आठशेवर आलं. मापकावरचा आकडा चढत गेला आणि स्थिरावला. जुनी चकती हजार अंशांवर जेवढा ऑक्सिजन जाऊ द्यायची, तेवढा ही आठशेवरच जाऊ देत होती.

“देवराव, पुन्हा मोजा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

मैनीचे बाबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी देवरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

नव्या चकत्या तीन महिने दिवसरात्र तपासल्या. एकही तडकली नाही. ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्या बोरीटोल्याला निघाल्या, तेव्हा देवराव पहिल्यांदाच स्वतः गाडीत बसले. त्यांनी केंद्रामागे चकत्या आपल्या हाताने बसवल्या आणि घट सुरू केला. परिचारिकेने खोलीतला दिवा लावला. बाहेर गावातली माणसं जमली होती. कुणी मोहाच्या फुलांचे लाडू आणले होते, कुणी मधाची बाटली.

मैनी देवरावांच्या शेजारी पायरीवर बसली. “आजोबा, कॅल्शियमऐवजी दुसरा धातू घातला, तर सहाशे अंशांवर चालेल का?”

“माहीत नाही,” देवराव म्हणाले. “अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. सुट्टी किती दिवसांची आहे तुला?”