नळीवरची वेळ

रक्तावर संशोधन करणारी मुलगी रक्त देताना चक्कर येऊन पडते, हे ऐकून कोणाला हसू आलं तर मी रागवणार नाही. तोही हसला होता.

त्याचं असं झालं, आमच्या अभ्यासाला निरोगी माणसांच्या रक्ताच्या चाळीस नळ्या हव्या होत्या आणि जमल्या होत्या एकोणचाळीस. "तू चांगली धडधाकट आहेस की! जा खाली आणि दे," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना ‘नाही’ हा शब्द ऐकूच येत नाही. मग काय, गेले तळमजल्यावर. रक्त घ्यायची खोली. पांढऱ्या टाइल्स, एक उंच खुर्ची, स्पिरिटचा वास आणि खिडकीशी उभा राहून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा तो.

"बाही वर घ्या."

"हो... एकच मिनिट हं."

"घाबरताय?"

"छे! मी रोज ऐंशी-ऐंशी नळ्या रक्त हाताळते."

"ते नळीतलं," तो शांतपणे म्हणाला. "हे हातातलं आहे."

त्याने दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर शोधायला दोन बोटं टेकवली — बोटं गार होती, एवढं आठवतं — आणि त्यानंतर मला थेट छतावरचा पंखा दिसला. मी जमिनीवर होते. डोक्याखाली कोणाचं तरी घडी केलेलं जाकीट होतं.

"राहिलं का घ्यायचं?" मी विचारलं.

"नाही, झालं. नळी भरली आणि मग तुम्ही पडलात. फार शिस्तीच्या आहात."

आणि तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी नंतर. मला राग यायला हवा होता... पण जाकिटाला साबणाचा छान वास येत होता.

"हे वर कोणाला सांगू नका, प्लीज."

"नाही सांगत. पण एक अट आहे. सात वर्षं मी इथून नळ्या वर पाठवतोय. पुढे त्यांचं काय होतं ते आजवर एकानेही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी खाली गेले. नंतर रोजच जायला लागले. त्याला मी ‘सुईवाले’ म्हणायचे, तो मला ‘शास्त्रज्ञबाई’. मी त्याला सांगितलं, की पोटात आत, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. तिथला कॅन्सर इतका लबाड, की दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. माझ्या मामाचं तेच झालं. ‘पित्त आहे’ म्हणत चार महिने गोळ्या खाल्ल्या त्याने, आणि कळलं तेव्हा हातात सहा आठवडे उरले होते. तो आजार आधी कळावा, रक्ताच्या एका थेंबातून कळावा, यासाठी मी गेली तीन वर्षं झटत होते. पेशंटच्या रक्तात वाढलेलं आणि निरोगी माणसाच्या रक्तात न वाढलेलं एखादं प्रोटीन सापडलं, तर ते आजाराची चाहूल देणार होतं. बारा प्रोटीनं आम्ही नंबर देऊन तपासत होतो.

एके दिवशी तीन नंबरच्या प्रोटीनने कमाल केली. चाळीस पेशंटपैकी अडतीस अचूक ओळखले! आनंद माझ्या पोटात मावेना. मॅडमनी अहवाल लिहायला घेतला आणि मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले.

"सुईवाले, जिंकलो! पेशंटच्या रक्तात दुप्पट, निरोगी माणसांत निम्मं!"

तो मनापासून हसला. मग नळ्यांच्या डब्याकडे बघत थांबला.

"एक विचारू? म्हणजे... मला यातलं काही कळत नाही. पण पेशंटच्या नळ्या मी लगेच लिफ्टने वर पाठवतो. त्यांचे रिपोर्ट तातडीचे असतात ना. निरोगी लोक येतात सकाळी आठला, आणि त्यांचा डबा जातो बाराला, एकदम. तुमचीही नळी बारापर्यंत इथेच होती. त्याने काही फरक पडत नाही ना?"

आठ ते बारा, म्हणजे चार तास. आणि जे मनात शिरलं ते कबूल करण्याऐवजी मी काय केलं? मी फणकारले.

"तुम्ही रक्त काढा. शोध लावायचं काम माझ्यावर सोडा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी वर आले ती स्वतःवरच चरफडत. आमचे फॉर्म काढून बघितले. त्यावर तारीख होती, वय होतं, वजन होतं, अगदी शेवटचं जेवण कधी केलं तेही होतं. रक्त किती वाजता घेतलं, यासाठी रकानाच नव्हता. तीन वर्षांत तो असावा असं आमच्यापैकी एकाही हुशार माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी खाली फिरकले नाही. चहा बेचव लागत होता. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो यंत्रं पुसायला येतो हे मला माहीत होतं. गेले आणि दारातच उभी राहिले.

"सुईवाले... रक्त घ्यायचंय. सहा नळ्या."

"कोणाचं?"

"माझं."

त्याने मान वर केली. हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "बसून, की आधीच आडव्या होताय?"

"आडवी होते. आणि... मी त्या दिवशी जे बोलले ना..."

"खरंच बोललात. मी रक्तच काढतो."

"नाही. मी वर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. शेळ्या कुठून कशा येतात, हे फक्त तुम्हाला माहीत होतं. चुकलं माझं."

पट्टा बांधायच्या आधी त्याने दोन्ही हात एकमेकांवर चोळून बोटं गरम केली. ते बघत राहिले मी, आणि सुई कधी गेली ते कळलंही नाही.

एक नळी लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये टाकली. हे नळ्या गरगर फिरवून रक्तातलं पिवळं पाणी वेगळं करणारं यंत्र. दुसरी अर्ध्या तासाने, मग तासाने, दोन तासांनी, तीन तासांनी आणि शेवटची चार तासांनी. मधल्या वेळात आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. उन्हाचा चौकोन फरशीवरून हळूहळू सरकत होता. त्याने मला बिस्किटांचा पुडा दिला, मी त्याला मामाचे किस्से सांगितले. दुपारपर्यंत पुडा संपला आणि आमच्यातली चार बोटांची जागाही कुठेतरी गेली.

निकाल बघायला त्याला वर घेऊन गेले. स्क्रीनवर एकापाठोपाठ एक आकडे उतरत गेले. तीन नंबरचं प्रोटीन नुसतं ताटकळत ठेवल्यानेच झिजत होतं. पहिली नळी सांगत होती, मी गंभीर आजारी आहे. शेवटची सांगत होती, मी ठणठणीत. दोन्हींत माझंच रक्त, एकाच शिरेतलं. आम्ही आजार ओळखत नव्हतो, तर नळी किती वेळ उभी होती तेवढंच ओळखत होतो.

मला रडू आलं. तीन वर्षं हो! तो शेजारी उभा होता. "माझ्यामुळे झालं हे," असं काहीतरी पुटपुटला.

"तुमच्यामुळे झालं नाही, तुमच्यामुळे कळलं," मी नाक पुसत म्हटलं. "खोटी टेस्ट बाहेर गेली असती तर एखाद्याच्या मामाला ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवलं असतं आम्ही."

आकड्यांचा कागद घेऊन मी मॅडमना सांगायला गेले. त्यांनी सगळे आकडे बघितले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"अहवाल जाणार नाही. आमचं चुकलं असं मी अनुदान देणाऱ्या समितीला कळवते आणि सहा महिने मागून घेते. पण ऐक, त्या सहा महिन्यांत काही हाती लागलं नाही तर हे काम बंद होईल. कायमचं. आणि हे तुझ्या लक्षात आणून दिलं कोणी?"

"खाली रक्त घेतात ना... ते."

"म्हणजे ज्याच्याकडे तू रोज चहाला पळतेस तो? बरं आहे, पळत जा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसंच निघालं. बारांतलं सात नंबरचं प्रोटीन कितीही ताटकळत ठेवलं तरी जागचं हलत नव्हतं. फरक लहान दाखवायचं, म्हणून मी त्याला कोपऱ्यात टाकलं होतं. आता सगळी भिस्त त्याच्यावर. ऐंशी नव्या नळ्या, प्रत्येकीवर घेतल्याची वेळ, आणि पेशंट असो की निरोगी, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते. कोणती नळी कोणाची हे मला कळू नये म्हणून नावांच्या जागी आकडे घातले होते, आणि आकड्यांची यादी मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात.

पण त्याला माहीत असणार होतं. रक्त घेणारा तोच होता ना!

"म्हणून सहा महिने कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," त्याने जाहीर केलं. "मी तोंड बंद ठेवीन, पण तुम्ही चेहऱ्यावरून ओळखाल."

"मग बोलायचं कशाबद्दल?"

तो विचारात पडला. "तुम्हाला... पोहता येतं?"

नव्हतं येत. त्याने शिकवलं. "पाण्याला घाबरता, सुईला घाबरता. कशाला घाबरत नाही असं आहे का काही?" "तुम्हाला," मी म्हणायचे आणि पुढच्याच क्षणी त्याचा दंड घट्ट धरायचे. त्याचे वडील बस चालवायचे, हे मला कळलं. त्याला घरी एकट्याला जेवायला आवडत नाही, हे कळलं. थरथरत्या हाताचा कोणी म्हातारा आला, की हा आधी त्याच्याशी पाच मिनिटं गप्पा मारतो आणि मगच सुईला हात लावतो, हेही दाराआडून बघितलं. कामाबद्दल बोलता आलं असतं, तर यातलं एकही मला कळलं नसतं. चौथ्या महिन्यात केव्हातरी, काठावर ओल्या केसांनी बसलेल्या त्याच्याकडे बघताना, मला स्वच्छ कळलं — मी याच्या प्रेमात पडलेय. चांगली आपटलेय म्हणा ना.

आईला फोनवरच वास आला होता. "कोण गं तो? रोज ‘कोणी नाही’ म्हणून सांगतेस तो?"

"कोणी नाही गं, आई."

"हां, तोच. जेवतो का नीट?"

पाकीट उघडायचा दिवस आला. मॅडमच्या खोलीत आम्ही दोघीच. एका बाजूला माझे अंदाज, दुसऱ्या बाजूला खरी यादी. मॅडम आकडा वाचत होत्या, मी खूण करत होते. पहिल्या दहांत दोन चुकले आणि मी पेन घट्ट धरलं. पुढच्या वीसांत एकच. त्यापुढे मी मोजायचं सोडलं. शेवटी मॅडमनीच बेरीज केली.

"चाळीसांतले चौतीस पेशंट ओळखलेस. निरोगी चाळीसांतले सदतीस. आणि आजार अगदी सुरुवातीला असलेले बारा होते ना..." त्यांचा आवाज चिरकला. "त्यातले नऊ, पोरी. नऊ!"

मॅडमनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पेनं खाली पडली, आणि मग ज्यांना ‘नाही’ ऐकू येत नाही त्या बाई मला मिठी मारून रडल्या. अजून हजारो नळ्या तपासायच्या होत्या, काही वर्षं जायची होती. पण काम बंद होणार नव्हतं. खरं होतं ते, पूर्णपणे खरं!

मी आईला फोन केला. तिने आकडे दोनदा विचारून घेतले. "दादाच्या वेळी हे असतं तर..." एवढंच म्हणाली.

"पुढे कोणाच्या तरी दादाला मिळेल, आई."

"मिळेल. आता फोन ठेव आणि त्या ‘कोणी नाही’ला जाऊन सांग."

जिना कसा उतरले आठवत नाही. खोलीत बाकांवर सात-आठ माणसं बसलेली. खुर्चीत एक आजी, दंडाला पट्टा, आणि तो त्यांच्या हातावर वाकलेला. सुई आत होती. त्याला मान वळवता येत नव्हती.

"सुईवाले, चौतीस! आणि सुरुवातीचे बारांत नऊ!"

त्याची पाठ एकदम ताठ झाली. हात मात्र तसूभरही हलला नाही.

"आणि आता कामाबद्दल बोलायला हरकत नाही, पण मला कामाबद्दल बोलायचंच नाहीये. मला तुम्ही आवडता. म्हणजे... खूप. तुम्हाला एकट्याने जेवायला आवडत नाही ना, तर यापुढे जेवू नका. माझ्याशी लग्न करा."

बाकावर कोणीतरी खोकलं. मी धापा टाकत उभी. त्याची फक्त पाठच दिसत होती.

"हसतोय गं," आजींनी मला बातमी दिली. "आता लाजला. कान बघ, लाल झाले."

"आजी, हलू नका," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी कुठे हलतेय? तूच हलशील. आणि काय गं मुली, लग्नाला बोलावशील ना मला? पोटात दुखतंय दोन महिने, म्हणून आलेय. रिपोर्ट चांगला आला तर येईन हो."

मी पुढे होऊन त्यांचा मोकळा हात धरला. "रिपोर्ट कसाही येऊ दे, आजी. तुम्ही यायचंच. मी स्वतः येईन तुम्हाला घ्यायला."

त्याने सुई काढली, कापूस दाबून धरला आणि पहिल्यांदा मान वर केली. डोळे पाण्याने भरले होते, आणि माझ्याकडे बघतच तो आजींना म्हणाला,

"आम्ही दोघं येऊ."