कुंपणाबाहेरची रांग

पत्रकासाठी, पहिला खर्डा: झोरावा गावात काय पाहाल? हिरव्या घुमटांचं लाकडी चर्च. धान्याचं उंच कोठार (बंद). हमरस्त्यालगत सिमेंटचा, दुमजली उंचीचा लसणाचा पुतळा. आणि आभाळ.

"आभाळ फुकट आहे, असं लिही," ओरिसिया म्हणाली. "ओन्टारिओवाल्यांना फुकट म्हटलं की भूक लागते."

ओरिसिया माझी धाकटी बहीण. गावातली एकुलती खानावळ तिची. हाही उन्हाळा गिऱ्हाइकावाचून गेला, तर ती खानावळ बंद करून मुलीकडे सास्काटूनला जाणार होती. मग झोराव्यात मी, लावरीनमामा आणि लसूण. म्हणून चर्चच्या कुंपणाबाहेरच्या गवतात प्रवाशांच्या गाड्यांसाठी तळ करायचं तिनं ठरवलं होतं. लावरीनमामा पंचायतीचा प्रमुख. त्यानं एकच अट घातली.

"आधी तारा फिरवा. कुणाच्या छातीवर गाडी उभी राहायला नको."

तारा आमच्याकडे सगळेच फिरवतात. काटकोनात वाकवलेल्या दोन तारा मुठीत सैल धरायच्या आणि सावकाश चालायचं. खाली थडगं आलं की तारा एकमेकींवर येतात, संपलं की सुटतात. फ्लूच्या साथीत घाईनं पुरलेली माणसं कुंपणाबाहेर आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे क्रूस एका वणव्यात जळाले, त्यामुळे नेमकी कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी नोकरीभर जमिनीखालचे गॅसचे नळ यंत्रानं शोधून त्यांच्यावर झेंड्या रोवल्या. तारांवर माझा विश्वास नाही. पण मनगट स्थिर आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं.

बर्फ नुकतं वितळलं होतं. गवत आडवं, पिवळं. वारा नेहमीचाच. तारा मिटल्या, सुटल्या, मिटल्या, सुटल्या. मी झेंड्या रोवत गेलो. रांग पट्ट्याच्या उत्तर टोकापासून थेट खडीच्या रस्त्यापर्यंत गेली, ऐसपैस, मध्ये मोकळं अंतर ठेवून.

"अख्खा पट्टा अडवलास की रे," ओरिसिया म्हणाली.

"मी नाही अडवला."

"मनगट तुझं आहे, नेस्टर. मी गेले तर जेवायचं काय करशील, याचा विचार कर म्हणजे झालं."

पत्रकासाठी, इतिहास (ओरिसिया म्हणते, हे काढून टाक): इथे आधी रानरेड्यांचे कळप होते, मग ते नव्हते. मग आमची माणसं समुद्रापलीकडच्या गालिसियातून आली, गवताच्या मातीची घरं बांधून राहिली. त्यातली बरीच अजून इथेच आहेत.

ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे थडग्यांवर गेलो. पाद्री दुसऱ्या गावाहून आला, त्यानं पाणी शिंपडलं, आम्ही प्रत्येक दगडापाशी गोल पाव आणि रंगवलेलं अंडं ठेवलं. ओरिसिया टोपली घेऊन कुंपणाबाहेर, माझ्या झेंड्यांपाशीही गेली. मला बरं वाटलं. राग गेला असेल, असं वाटलं.

त्या आठवड्यात ती मामाकडे गेली. नेस्टर लबाडी करतो, पुन्हा फिरवायला लावा, म्हणाली.

मी पुन्हा फिरवल्या. झेंडीपाशी तारा सरळच राहिल्या. एक पाऊल उत्तरेला मिटल्या. पुढच्या झेंडीपाशीही तसंच.

"झेंड्या कुणी हलवल्या?" मी विचारलं.

"माझ्याकडे काय बघतोस?"

मी तिच्याकडेच बघत होतो. मग प्रत्येक झेंडीपाशी लोखंडी खुंटी ठोकली, मातीच्या पातळीपर्यंत, घणाशिवाय निघणार नाही अशी. घण माझ्या गाडीत कुलपात ठेवला.

कॅनोला पेरून झाला तेव्हा तिघंही तिथे गेलो. खुंट्या जागच्या जागी होत्या. त्यांच्याभोवती नवं गवत उगवलं होतं, एक पातं तुटलेलं नव्हतं. तारा मात्र रस्त्याच्या बाजूला मिटेचनात. उत्तर टोकाला गेल्यावर मिटल्या, आणि मग सुटण्याआधीच पुन्हा मिटू लागल्या. थडगी एकमेकांना खेटून होती.

ओरिसियानं तारा ओढून घेतल्या. तिच्या हातात तेच. मामानं टोपी डोळ्यांवर ओढून फिरवल्या. तेच.

कुंपणाच्या खांबावर एक चंडोल गात होता.

"आता?" मामा म्हणाला. टोपी नीट करायला त्याला वेळ लागला. "अर्धा पट्टा मोकळा आहे. त्यांचीच हरकत नाही, तर मी कोण? घे बाई तुझा परवाना."

संध्याकाळी मी खानावळीच्या स्वयंपाकघरात गेलो. ती पेरोहींच्या, आमच्या उकडलेल्या करंज्यांच्या, कडा चिमटीनं मिटत होती. बटाट्याचं सारण, चिमूट, बटाट्याचं सारण, चिमूट.

"त्या रविवारी झेंड्यांपाशी काय केलंस?"

"पाव ठेवला. अंडं ठेवलं."

"आणि?"

"आणि काय? थट्टेत म्हटलं. पाहुणे येणारेत, जरा सरकून घ्या."

"मागितलंस त्यांच्याकडे?"

तिनं चिमूट थांबवली. त्या दिवशी मेलेल्यांना द्यायचं असतं. त्यांच्याकडे काही मागायचं नसतं. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. देणारा यजमान होतो, घेणारा पाहुणा, आई म्हणायची. पुढचं ती कधी सांगत नसे.

"जागा झाली ना?" ओरिसिया म्हणाली. "मग झालं. पीठ वाळतंय, जा."

पत्रकासाठी, दुसरा खर्डा: तळावर प्रशस्त जागा. शेजार शांत.

पहिले पाहुणे ओन्टारिओचे. ग्लेन आणि डोरीन, दोघं निवृत्त, गाडीमागे पांढरं फिरतं घर. लसणापाशी फोटो काढला, खानावळीत पोटभर जेवले. डोरीननं तिसऱ्यांदा आंबट साय मागितली तेव्हा ओरिसिया माझ्याकडे बघून नुसती हसली. पुष्कळ दिवसांनी.

"रविवारी निघणार," ग्लेन म्हणाला. "रॉकी पर्वत गाठायचाय. सपाट प्रदेशात आम्ही कधी थांबत नाही हो."

दुसऱ्या दिवशी ते न्याहारीला आले, बसले, काही मागवलं नाही.

"पोट भरलंय," डोरीन म्हणाली. "तुमच्या माणसांनी पहाटेच पाव आणून दिला. गोल, मधे भोक असलेला. नको म्हणायची सोयच नाही हो तुमच्याकडे."

ते गेल्यावर ओरिसिया माझ्यावर उखडली. "माझं गिऱ्हाईक पळवतोस? मामाला पुढे करून?"

मामाला विचारलं. मामाला वाटलं, हे आमचंच काम. त्यानं आयुष्यात कधी पीठ मळलेलं नव्हतं.

शनिवारी ते आले नाहीत. रविवारीही नाही.

"जाऊन बघ," ओरिसिया म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "जाताना तारा ने."

पत्रकासाठी, तिसरा खर्डा: तळावर

ऊन वर यायला लागलं होतं. फिरत्या घराचं दार उघडं होतं. ग्लेन आणि डोरीन बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, शेजारीशेजारी, पूर्वेकडे पाय लांब करून.

"शुभ सकाळ," मी म्हणालो.

"फार छान," ग्लेन म्हणाला.

मी उत्तर टोकापासून निघालो. तारा मिटल्या. सुटल्या. मिटल्या. सुटल्या.

रांग पुन्हा ऐसपैस झाली होती.

मी खुर्च्यांपाशी आलो. ग्लेननं वाट द्यायला पाय उचलले नाहीत. तारा त्याच्यासमोर मिटल्या. पाऊल टाकलं, सुटल्या. डोरीनसमोर पुन्हा मिटल्या.

मी मुठी सैल केल्या. तारा तशाच राहिल्या.

"आज निघणार होतात ना?"

"नाही," डोरीन म्हणाली. "राहतोय आम्ही. बहिणीला सांगा, तिला आनंद होईल."

मी मान हलवली. पाऊस झाल्यानंतरची सकाळ होती. माझ्या मानेवर, मनगटांवर, पापण्यांवर डास तुटून पडले होते, दोन्ही मुठी तारांत अडकल्यामुळे मला ते हाकलता येत नव्हते.

डोरीनचे हात खांद्यापर्यंत उघडे होते. त्यांवर एकही बसला नव्हता.