वायर तोडलेला काटा

दात काढू नका. पहाटे त्या जुन्या व्हॅननं निघणार म्हणता, आणि रेडिएटरात रोज अर्धी बादली पाणी लागतं हे वर हसत सांगता? पाणी जातं कुठं ते बघायचं सोडून नुसतं ओतत बसलाय. पाइपाच्या तोंडाशी पांढरे डाग आलेत का, पंख्याचा पट्टा चिरलाय का, झाकणाचं रबर गेलंय का... इंजिन गार असताना बघायला असा किती वेळ लागतो? बसा खाली. एक झालेलं सांगतो.

माझ्या ओळखीचा एक बेकरीवाला. दोघं भाऊ. धाकटा गल्ल्यावर, थोरला व्हॅनवर. थोरला घसा कोरडा करून सांगायचा, पाणी गळतंय, एक दिवस गाडी गॅरेजात सोडू दे. धाकट्याचं एकच, "पाव वेळेवर पोचू देत, मग बघू." एका सकाळी गाडी वाटेत तापली. उशीर झाला तर हा पुन्हा डाफरेल, म्हणून थोरल्यानं गार व्हायची वाट न बघता झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर उसळलं. आठवड्यात माणूस गेला.

मग धाकट्यानं रेडिएटर बदलला असेल? छे! नवा ड्रायव्हर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला की गाडी थांबवायचा. म्हणून या शहाण्यानं काट्याची वायरच तोडली! मला कळलं तेव्हा असला संताप आला... जाऊ दे.

मागच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्री दीडच्या सुमारास धाकट्याच्या मुलीला दम्याचा झटका आला. सात वर्षांची पोर. बायको बाहेरगावी गेलेली. अँब्युलन्सला तास लागेल म्हणाले. दारात व्हॅन उभी होती. त्यानं पोरीला शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि निघाला. हॉस्पिटल चढावाच्या पलीकडे.

चढ लागला. पोरीच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

तेवढ्यात काटा हलला.

वायर तोडलेला काटा. वर आला. अर्ध्यावर... तांबड्यावर.

बॉनेटमधून वाफ निघाली. रस्ता दिसेना. त्यानं ब्रेक दाबला. झाकण उघडून पाणी ओतायचं, दुसरं काय सुचणार त्याला? सीटखाली बाटली चाचपडू लागला.

शिट्टी थांबली.

श्वासच गेला की काय, म्हणून तो वळला. पोर ताठ बसलेली. समोर बघत. मघापासून तिला धड "बाबा" म्हणता येत नव्हतं. आणि आता ती बोलली. जाड, पुरुषी आवाजात.

"बारक्या. झाकणाला हात लावलास तर याद राख."

त्याला बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"दादा...?"

"गाडी चालव, गाढवा! पोर मरेल!"

तो सुटला. काटा तांबड्यावर. गाडीत भाजल्या कातडीचा वास. शेजारून शिव्या. शिव्या... मग त्याही नाहीत.

पुन्हा शिट्टी. समोर हॉस्पिटलचा दिवा.

पोर वाचली. तिला यातलं काही आठवत नाही.

सोमवारी व्हॅन ओढून माझ्याकडे आणली. धाकट्यानं हे सगळं तिथंच उभं राहून सांगितलं. हात उठू नये म्हणून मी सरळ गाडीखाली शिरलो. खालचा पाइप उभा फाटलेला, रेडिएटर कोरडा ठणठणीत. अशा गाडीचं इंजिन दोन-चार किलोमीटरमध्ये जाम होतं. याला ओरखडा नाही! वायर कुठं टेकली असेल म्हणाल, तर तिची टोकं मी स्वतः बघितली. टेप गुंडाळलेली, जशीच्या तशी.

संध्याकाळी रेडिएटर सोडवून भिंतीला टेकवून ठेवला. रिकामा. रात्री कडाक्याची थंडी. सकाळी उचलायला हात लावला...

हा माझा तळहात बघा. नीट बघा. या आडव्या रेघा जन्माच्या नाहीत. रेडिएटरच्या जाळीच्या आहेत.